हिमोग्लोबिन लायपोसोममध्ये भरण्याची प्रयोगशाळेतील कृती

तांबड्या पेशीतून काढलेले, ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन रक्ताला पर्याय म्हणून तसेच शिरेत सोडता येत नाही. पेशीबाहेर त्याच्या चार साखळ्यांचे दोन-दोनचे तुकडे होतात, ते मूत्रपिंडात गाळले जाऊन तेथे इजा करतात. शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील, वाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड हिमोग्लोबिनकडून शोषले गेल्यामुळे वाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. हिमोग्लोबिनला मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, कोंडण्याची कल्पना यातूनच पुढे आली आणि जपानमधील संशोधकांनी ती माणसांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत नेली. पुढील कृती सोलापुरातील जैवतंत्रज्ञान व औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि प्रयोगशाळेपुरतीच आहे. तयार होणारा द्राव कोणालाही टोचण्यासाठी नाही.

रक्त शेळीचे घ्यावे. परवानाधारक कत्तलखान्यात पहाटे जाऊन, रक्त गोठू नये म्हणून आधीच सोडियम सायट्रेट घातलेल्या बाटलीत ते धरावे आणि बर्फाच्या पेटीतून आणावे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे काम उन्हे चढण्याआधी उरकलेले बरे. मुदत संपलेले मानवी रक्त वापरायचे असल्यास रक्तपेढीची आणि संस्थेच्या नैतिक समितीची लेखी परवानगी लागेल.

रक्त ४ अंश सेल्सिअसला सेंट्रिफ्यूज करून वरचा प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशींचा पातळ थर काढून टाकावा, व तळाच्या पेशी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाने तीन-चार वेळा धुवाव्यात. शेळीच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींच्या साधारण निम्म्या व्यासाच्या असल्यामुळे वेग थोडा वाढवावा लागतो. नंतर थंड, विरल फॉस्फेट बफर घालून पेशी फोडाव्यात. पेशीपटलांचे अवशेष काढण्यासाठी टोल्युईन घालून हलवावे आणि थंडीत स्थिर ठेवावे: वर टोल्युईन, मध्ये करड्या अवशेषांचा थर आणि खाली माणकासारखा पारदर्शक लाल द्राव दिसतो. हा खालचा द्रावच काढून घ्यावा, डायलिसिसने त्यातील टोल्युईन घालवावे आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे.

येथून पुढे खरा शत्रू ऑक्सिडीकरण आहे. हिमोग्लोबिनमधील फेरस लोह फेरिक झाले की मेथेमोग्लोबिन बनते आणि त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. जिवंत पेशीत ही हानी भरून काढणारी विकरे असतात. शुद्धीकरणात ती निघून जातात. जपानी पद्धतीत हिमोग्लोबिन आधी कार्बन मोनॉक्साइडने बांधतात, ६० अंशांवर तापवून इतर प्रथिने व विषाणू नष्ट करतात आणि शेवटी प्रकाश व ऑक्सिजन देऊन तो वायू सोडवतात. तो वायू रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा टप्पा वगळून सारे काम थंडीत आणि झटपट करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अल्ट्राफिल्ट्रेशनने, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण प्रथिन अडवणाऱ्या पडद्याने, हिमोग्लोबिनचा द्राव घट्ट करत न्यावा. तांबड्या पेशीतील प्रमाण १०० मिलिलिटरला सुमारे ३४ ग्रॅम असते, आणि त्याच्या जवळपास पोहोचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पातळ हिमोग्लोबिन भरलेल्या पिशव्या मेद खूप खातात आणि ऑक्सिजन थोडा वाहतात. मानवी हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सहज सोडता यावा म्हणून पायरिडॉक्सल फॉस्फेट मिसळतात. शेळीच्या बाबतीत त्याची तितकीशी गरज नाही.

मेदासाठी डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन आणि कोलेस्टेरॉल समान मोल प्रमाणात, थोडा ऋणभारित मेद आणि अत्यल्प पेगयुक्त (पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेला) मेद घ्यावा. स्वस्त म्हणून सोया लेसिथिन वापरण्याचा मोह होतो, पण त्यातील असंपृक्त साखळ्या पेरॉक्साइड बनवतात आणि ती लोहाला थेट फेरिक करतात. मेद क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून रोटरी इव्हॅपोरेटरवर त्याचा पातळ थर बनवावा व रात्रभर निर्वातात सुकवावा.

यातच एक पेच आहे. शुद्ध डायपामिटॉइल मेद ४१ अंशांच्या आसपास मऊ होतो, तर हिमोग्लोबिन जितके गरम तितके लवकर बिघडते. कोलेस्टेरॉलमुळे हे संक्रमण बरेच सौम्य होते, म्हणून नायट्रोजनखाली, मोजकाच वेळ कोमट ठेवून मेदाचा थर भिजवावा. (मेमध्ये वातानुकूलन बंद पडले तर खोलीच हे तापमान देते, त्यावर विसंबू नये.) फेस येऊ देऊ नये, कारण फेसात प्रथिन उलगडते, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी घुसळणारे यंत्र) तर दूरच ठेवावा. मिश्रण ३, ०.८, ०.४५ आणि ०.२२ मायक्रॉनच्या पडद्यांतून क्रमाने दाबून काढावे.

न भरलेले हिमोग्लोबिन अल्ट्रासेंट्रिफ्यूजने वेगळे करावे आणि वरचा द्राव रंगहीन होईपर्यंत धुणे थांबवू नये. आकार सुमारे २५० नॅनोमीटर यावा. हिमोग्लोबिन मोजताना लायपोसोम प्रकाश विखुरतात व वाचन फसवे येते, म्हणून आधी ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने ते फोडावेत. ड्रॅबकिन अभिकर्मकाने ५४० नॅनोमीटरला एकूण प्रमाण आणि ड्रॅबकिन न घातलेल्या नमुन्यात ६३० नॅनोमीटरच्या शिखरावरून मेथेमोग्लोबिन पाहावे. ड्रॅबकिनमध्ये सायनाइड असते. ते बेसिनमध्ये किंवा आम्लाच्या बाटलीत कधीही ओतू नये.

द्राव नायट्रोजनखाली, ऑक्सिजन काढून, घट्ट झाकणाच्या कुपीत ठेवावा आणि मेथेमोग्लोबिन दर आठवड्याला तपासावे. कुपीतला रंग जांभळट लाल असेपर्यंत ठीक. तपकिरी छटा दिसू लागली की आधी झाकण आणि मग मेदाची शुद्धता तपासावी.