वाचनाचा जादा तास सुरू करण्याआधी

शाळा जूनच्या मध्याला उघडते, पण वाचनाचा जादा तास त्याच आठवड्यात सुरू करायच्या फंदात पडू नका. निम्मी मुलं अजून गावाहून परतायची असतात, दाखल्यांची धावपळ चालू असते, वर्गशिक्षिका पट आणि पुस्तकवाटप यांत बुडालेल्या असतात. जून तयारीला ठेवा, मुलांना जुलैत बसवा. ही यादी मुंबईतल्या, दुसरी ते चौथीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आहे. शाळेत रोज जाणारी, फळ्यावरचं सुबक उतरवून घेणारी, आणि तरीही समोर ठेवलेल्या चार ओळी न वाचता येणारी मुलं. शिकवणारी शिक्षिका असो, चाळीतल्या निवृत्त काकू असोत, नाहीतर कॉलेजातला एखादा मुलगा, तयारी तीच.

सगळ्यात आधी ऐकायचं. प्रत्येक मुलाला एकेकट्याला, इतरांच्या कानाआड, दहा मिनिटं वाचायला लावायचं. यासाठी नवीन परीक्षा बनवायची गरज नाही. ‘प्रथम’ ही मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी संस्था १९९५ साली मुंबईतच सुरू झाली. तिच्या पुढाकाराने २००५पासून होणाऱ्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा मराठी वाचनाचा कागद इंटरनेटवर फुकट मिळतो. पाहणी खेड्यांतली असली तरी कागद धारावीतही तितकाच चालतो. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून करा. तो सलग, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट द्या. अडखळला तर शब्दांवर या, तिथेही अडला तर अक्षरांवर. शब्द असोत वा अक्षरं, पाच मुलानेच निवडायची आणि त्यातली चार बरोबर आली की ती पायरी त्याची. चौथीतला मुलगा अक्षरांवर निघाला तरी चेहऱ्यावर काही दाखवू नका.

पण पायरी कळली म्हणजे काम झालं असं नाही, आणि बहुतेक जादा तास इथेच फसतात. ‘शब्द पातळी’ असा शिक्का मारून सगळ्यांना पुन्हा बाराखडी घोकायला बसवतात. जी बाराखडी मुलाने वर्गात दोन वर्षं घोकली, तीच तिसऱ्यांदा घोकून तो वाचायला कसा लागेल? म्हणून वही उघडा, प्रत्येक मुलाला एक पान द्या आणि तो नेमका कुठे अडतो ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. ‘भरत’ला ‘मरत’ म्हणाला, ‘घर’ला ‘धर’ म्हणाला, तर गोंधळ आकाराचा आहे. भ-म, घ-ध, ब-व, थ-य, प-ष या जोड्या वेगळ्या काढून शेजारी ठेवून शिकवाव्या लागतात. ‘ख’ला ‘रव’ वाचणारं मूलही भेटेल आणि त्याचं फार चुकतंय असंही नाही, छपाईच तशी असते. दुसरं एखादं मूल क, म, ळ ही अक्षरं सुटी अचूक ओळखतं आणि ‘कमळ’ म्हणता येत नाही. त्याची अडचण डोळ्यांची नाही, आवाज जोडण्याची आहे. त्याच्याशी आधी पुस्तक मिटून खेळायचं: मी ब... द... क असं तोडून म्हणते, तू अख्खा शब्द सांग. मग उलट, अख्खा शब्द माझा, तुकडे तुझे.

वेलांटीचं पान वेगळं ठेवा. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारं मूल तिथे थबकतं, कारण आधी दिसतं ते आधी म्हणायचं एवढंच त्याला सांगितलेलं असतं. च आणि ज यांचे दोन दोन उच्चार: ‘चहा’ वेगळा, ‘चमचा’ वेगळा, ‘जीभ’ वेगळी, ‘जवळ’ वेगळं. याचा नियम सांगू नका, ओळखीचे शब्द वाचून घ्या. आणि ‘र’. मराठी वाचनातला सगळ्यात छळवादी गडी. डोक्यावर चढतो तेव्हा रफार, पायात तिरका येतो तेव्हा ‘क्र’, ट-ड यांच्या खाली वेगळाच, शिवाय ‘ऱ्या’चा चौथा अवतार. जोडाक्षरांपर्यंत आलेली मुलं अडतात ती निम्म्या वेळा या ‘र’वरच. त्यासाठी वहीत स्वतंत्र रकाना काढला तरी हरकत नाही.

ऐकताना एक पथ्य कसोशीने पाळा. घरची बोली चूक म्हणून मोजायची नाही. आगरी-कोळी घरातलं मूल ‘पाणी’ वाचताना ‘पानी’ म्हणेल, वऱ्हाड-खानदेशाकडून आलेल्या घरातलं ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणेल. त्याने शब्द ओळखला, अर्थ ओळखला, वाचन झालं. प्रमाण उच्चार नंतर शिकवता येतात. वाचता वाचता टोकलेलं मूल मात्र तोंडच मिटतं. हिंदी किंवा भोजपुरी घरातली मुलंही मराठी शाळांत पुष्कळ आहेत. त्यांना लिपी अनोळखी नसते, शब्द अनोळखी असतात. त्यांच्या पानावर ‘वाचतो पण कळत नाही’ अशी नोंद होते. मग त्यांच्यासाठी वाचण्याआधी गप्पा हव्यात, चित्र दाखवून शब्द तोंडात बसवायला हवेत.

मुलांचे गट या पानांवरून पाडा, इयत्तेवरून नाही. एका गटात पाच, फार तर सहा. तिसरीची मुलगी आणि चौथीचा मुलगा एकाच ठिकाणी अडले असतील तर एकत्र बसू देत. गटांना नावं फळांची द्या, पक्ष्यांची द्या, मुलांनाच ठरवू द्या. फक्त हुशार-मध्यम-कच्चा असा वास त्या नावांना यायला नको; मुलांना तो लगेच येतो.

डोळे आणि कान तपासून झालेत का, हे वर्गशिक्षिकेला विचारा. शाळेत आरोग्य तपासणी होते, पण चष्मा लिहून दिला म्हणजे तो घरी आलाच असं नाही, आणि आला तरी दप्तरातून बाहेर निघतोच असं नाही.

सामानाला फार पैसे लागत नाहीत. जाड कार्डशीट, ठळक स्केचपेन, पुसता येणाऱ्या पाट्या, रबरबँड. अब्दुल रहमान स्ट्रीटला घाऊकात घेतलं तर आणखी स्वस्त. अक्षरकार्डं छापील आणू नका, हाताने करा. काना-मात्रा-वेलांटी लाल, अक्षर काळं, म्हणजे वेलांटीवाल्या मुलांना काय कुठे चिकटतं ते दिसतं. पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. चौथीतल्या मुलाच्या हातात पहिलीचं बालभारती देऊ नका. पाठ त्याला पेलेल, पण मुखपृष्ठावरची ‘पहिली’ शेजारच्या पोराला दिसते. त्याऐवजी कमी मजकुराची चित्रपुस्तकं घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त असतात, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं देखणी असतात, ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आणि फुकट आहेत. दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात बसून चाळून घेता येतात. निवडताना एका पानावर दोन-तीनच ओळी आहेत का, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात का आणि गोष्ट खरंच गंमतशीर आहे का, एवढं पाहा. बोधकथा टाळलेल्या बऱ्या. मुलांना शेवट आधीच माहीत असतो.

एक साहित्य मुंबईत आयतं आहे: स्टेशनांची नावं. त्यांची उतरंड अगदी घडवून ठेवल्यासारखी लागते. परळ, काना-मात्रा काही नाही. मग दादर, खार, मालाड, वडाळा, फक्त काना. शिवडी, दिवा, दहिसरला वेलांटी. अंधेरीला अनुस्वार, भांडुप, मुलुंडला अनुस्वार आणि उकार. आणि तो छळवादी ‘र’ हवा असेल तर कुर्ला, चर्चगेट, विक्रोळी, वांद्रे, शिवाय जवळून मेट्रो जात असेल तर ‘मेट्रो’ही. ही नावं कार्डांवर लिहून पायऱ्यांप्रमाणे रबरबँडने बांधून ठेवा. याचा एक जास्तीचा फायदा आहे. कार्डावर ‘वांद्रे’ असताना जो ‘बांद्रा’ म्हणतो, ‘शीव’ असताना ‘सायन’ म्हणतो, तो अक्षरं वाचत नाहीये, पहिल्या दर्शनाने अंदाज ठोकतोय. ते त्याच्या पानावर लिहा.

जागा आणि वेळ ठरवताना कागदावरचं वेळापत्रक बाजूला ठेवून वस्तीत एक चक्कर मारा. पाणी किती वाजता येतं? त्या वेळेत मोठी मुलगी हंड्यांच्या रांगेत असते किंवा धाकट्याला सांभाळत असते, आणि नेमकी तीच तुमच्या यादीत असते. शाळा दोन पाळ्यांत भरत असेल तर सकाळच्या पाळीची मुलं दुपारी मोकळी सापडतात, दुपारच्या पाळीची सकाळी. गणपती मंडळाचं कार्यालय फुकट मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका. श्रावण लागला की तिथे वर्गणीची पुस्तकं, मखराचं सामान आणि कार्यकर्ते येतात, आणि येणारच. महापालिका शाळेतली रिकामी खोली हवी असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि होकारही लेखी घ्या, कारण बदल्या होतात. जुलैत पाणी तुंबून दोन-चार दिवस बुडतील हे धरूनच चाला. तास बुडाल्याचा निरोप कोण कोणाला देणार, ते आजच ठरवा.

सुरक्षेच्या बाबतीत भिडेखातर काही सोडू नका. खोलीत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, पालकांची सही असलेलं संमतिपत्र, मूल घरी कोणाबरोबर जाणार याची नोंद. आणि शिकवणारी व्यक्ती शाळेतली शिक्षिका असेल तर फीचा विषयच काढायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी आहे.

तासाचा आराखडा आधी लिहून ठेवा, कारण सहा मुलं समोर बसली की सुचत नाही. चाळीस मिनिटं पुरे, पण आठवड्यातून चार-पाच वेळा. रविवारी सलग तीन तास बसवून काही होत नाही. आधी थोडा वेळ आवाजांचे खेळ, मग त्या गटाच्या अडचणीची कार्डं, आणि निम्म्याहून जास्त वेळ पुस्तक. प्रत्येक मूल रोज स्वतः मोठ्याने वाचेल असं बघा. साखळीने एकेक ओळ वाचायला लावली की मुलं आपली ओळ मोजून पाठ करून ठेवतात. जोड्या करा, एक वाचेल, दुसरा बोट ठेवून ऐकेल. कालचंच पान आज पुन्हा वाचायला लाजू नका, वाचनाला वेग त्यानेच येतो. शेवटी पाच मिनिटं तुम्ही त्यांना गोष्ट वाचून दाखवायची, आणि तिच्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

पालकांची सभा सुरुवातीलाच घ्या, संध्याकाळी, आयांना जमेल तेव्हा. ‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय घेणार अभ्यास?’ हे ऐकायला मिळेल. त्यांना अभ्यास घ्यायला सांगूच नका. मूल रोज एक पान वाचून दाखवेल, तुम्ही भाकऱ्या थापता थापता ऐका आणि गोष्टीत काय झालं ते विचारा, एवढंच मागणं ठेवा. शेजारच्या पोराशी तुलना आणि वाचताना टपली, या दोन गोष्टी बंद ठेवायला मात्र स्पष्ट सांगा. वडिलांनाही बोलवा, येतात.

किती आलं म्हणजे आलं, हेही ठरलेलं बरं. केंद्र सरकारच्या २०२१च्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. तो आकडा वाक्यं वाचणाऱ्या मुलांसाठी वापरा. अक्षरांवर असलेल्या मुलासमोर घड्याळ लावणं हा निव्वळ छळ आहे. त्याच्यासाठी त्याचंच आधीचं पान मापाला पुरेसं आहे. दर महिन्याच्या शेवटी पुन्हा एकेकट्याला ऐका, मोबाइलवर मिनिटभर रेकॉर्ड करा, गट बदला. नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीनंतर एक फेरी जास्तीची लागते, गावाहून परतलेली मुलं एखादी पायरी उतरून आलेली असतात.

आणि एक फाइल कोरी बाजूला ठेवा. एखाद-दुसरं मूल नियमित येईल, मन लावून बसेल आणि तीन-चार महिन्यांनंतरही अक्षरांत अडकलेलं राहील. त्याला आळशी ठरवायचं नाही आणि स्वतःच कुठलं निदानही चिकटवायचं नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे. तिची तपासणी शीव आणि नायर या महापालिकेच्याच रुग्णालयांत होते, प्रमाणपत्र मात्र मूल साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत देत नाहीत. तपासणीला बऱ्याच खेपा पडतात, हे आईवडिलांना आधीच सांगा, नाहीतर रोजंदारी बुडते म्हणून दुसऱ्या खेपेला कोणी जात नाही. शाळेचं पत्र, डोळे-कान तपासल्याचे कागद, मुलाच्या वर्गातल्या वह्या, तुमच्या वहीतली त्याची पानं, हे सगळं त्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि एक झेरॉक्स संच स्वतःकडे ठेवा.