सुतकातल्या घरी डबा कसा न्यावा

शेजारी किंवा नात्यात कोणी गेलं की आपण धावत जातो, थोडा वेळ बसतो आणि मग "काही लागलं तर नक्की सांगा हं" म्हणून निघतो, पण त्या घरातलं कोणीही कधी काही सांगत नाही, सांगायचं सुचतच नाही त्यांना. म्हणून विचारत बसू नका, डबा घेऊन जा. गावाकडे आजही त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, भावकीतले, सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात, बऱ्याच ठिकाणी त्याला कडू घास म्हणतात. फ्लॅटमध्ये राहतो म्हणून हे सुटायला नको.

सगळ्यात अवघड वेळ म्हणजे स्मशानातून माणसं परत येऊन अंघोळी होतात ती. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नसतं, आणि लहान पोरं भुकेली असली तरी घाबरून गप्प बसलेली असतात, त्यांच्याकडे आधी बघा. तेव्हा आधी चहाचा थर्मास (बिनसाखरेचा वेगळा), कागदी कप, दूध, बिस्किटं, पिण्याच्या पाण्याचा जार एवढं पोहोचवा, मग जेवण.

जेवण करायच्या आधी घरातल्या एखाद्या मावशीला किंवा आत्याला बाजूला घेऊन विचारून घ्या की फोडणी चालते का, हळद चालते का, कांदा-लसूण चालतो का. प्रत्येक घराचं वेगळं असतं, जे सांगतील ते करायचं, त्यावर चर्चा नको. गोड मात्र बहुतेक घरांत तेराव्यापर्यंत नसतंच.

मुगाची खिचडी सगळ्यात बरी, रडून घसा सुकलेला असतो, कोरडं उतरत नाही. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, पाणी नऊ-दहा वाट्या, चार-पाच जणांना पुरते. सैलच ठेवा कारण जेवायला उशीर होतोच आणि तोवर ती घट्ट होते. भाकऱ्या नेणार असाल तर गरम गरम एकावर एक रचू नका, वाफेने ओल्या होतात, जरा निवल्या की सुती फडक्यात बांधा.

आणि डबा ओट्यावर ठेवून पळू नका प्लीज!! वाढून द्या. आमच्या बिल्डिंगमधले एक काका गेले तेव्हा काकू भिंतीला टेकून नुसत्या बसलेल्या, सगळे "खा हो, खा हो" करत होते, त्या बघतही नव्हत्या. शेजारच्या ताईंनी खिचडीत तूप कालवून वाटी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः दुसरी वाटी घेऊन शेजारी बसून खायला लागल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने काकूंनी चमचा उचलला. घरात कोणाला डायबेटीस असेल तर जास्तच लक्ष द्या, औषध किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण नाही तर शुगर एकदम खाली येऊ शकते.

सोसायटीत असाल तर व्हॉट्सॲपवर त्या घरातल्यांना सोडून एक वेगळा ग्रुप करा, कोणी सकाळचं कोणी संध्याकाळचं असं वाटून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी पाच घरांतून भात येतो आणि चौथ्या दिवशी कोणीच नाही. आपला डबा आपणच उचलून आणा. रिकामा डबा परत कसा द्यायचा ही आपल्या बायकांची सवय त्या दिवसांतही सुटत नाही.

खरी गरज तर तेराव्यानंतर लागते. पाहुणे गेले, सतरंज्या उचलल्या, मग मागे राहिलेलं माणूस एकट्यासाठी काय करायचं म्हणत चहा-खारीवर दिवस काढतं. अशा वेळी आठवड्यातून एक-दोनदा घरात जे केलंय त्यातलीच भाजी नेऊन द्या, किंवा सरळ जेवायलाच बोलवा, खास काही करू नका म्हणजे त्यांनाही संकोच वाटत नाही. आणि वर्षभर त्या घरात सण नसतो, दिवाळीला कढई चढत नाही, तेव्हा चकली-चिवड्याचं ताट घेऊन जा आणि तिथेच बसून त्यांच्याबरोबर चहा घ्या, गेलेल्या माणसाचा विषय निघाला तर निघू द्या.