नागपुरात समुद्र नाही: ट्रायथलॉनच्या हंगामाची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा, आणि तेही स्वयंपाकघरात टांगलेलं. त्यावर दिवाळी, घरातली लग्नं, पोरांच्या परीक्षा आणि ऑफिसचं मार्च एंडिंग अगोदर लिहून घ्या. उरलेल्या जागेत शर्यती. नोकरी सांभाळून पोहणाऱ्या-धावणाऱ्या माणसाला हंगामात एकच मोठी शर्यत झेपते, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठी म्हणजे ७०.३ ट्रायथलॉन, एकापाठोपाठ तीन टप्पे: पोहणं १.९ किलोमीटर, सायकल ९०, धावणं २१.१, मैलांतली बेरीज ७०.३ होते म्हणून ते नाव. तिच्या सहा-आठ आठवडे आधी रंगीत तालीम म्हणून एखादी ऑलिम्पिक अंतराची (१.५, ४०, १०) किंवा स्प्रिंट (७५० मीटर, २०, ५) शर्यत धरा. गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (आयर्नमॅन हे शर्यतमालिकेचं नाव, इथे पोहणं समुद्रात) ही २०१९ साली पहिल्यांदा झाली, आणि ती दिवाळीच्या आगेमागेच येते. फराळाचं काय करायचं, हे सासूबाईंशी गणपतीतच बोलून ठेवावं. ऐनवेळी चकलीला नाही म्हणणं घरात महागात पडतं. चाळिशी ओलांडली असेल तर नाव नोंदवायच्या आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या.

यानंतरची यादी करताना मी दरवेळी एकच बघते: आपलं शहर आपल्याला काय देत नाही? सायकल ते भरपूर देतं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत, रॅम (रेस अक्रॉस अमेरिका), एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून पहाटे वर्धा रोडवर हेल्मेटवाले दिसले तर चहावालाही मान वर करत नाही. कोरडं ऊन तर मागाल तेवढं. नाहीत त्या दोनच गोष्टी: लाटांचं पाणी आणि दमट हवा. तयारीचा जास्तीत जास्त वेळ या दोहोंवर घालवावा.

पाण्यापासून सुरू करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जलतरण तलावावर शिकाऊ पोरांच्या बॅचेस असतात, तेव्हा लांब पोहायला जागा मिळत नाही. पहाटेची पहिली बॅच धरा किंवा सरळ पावसाळ्यापर्यंत तंत्रावर काम करा. पंचवीस मीटरच्या टाकीत १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला भिंत लाथाडून फुकटचा ढकल मिळतो. समुद्रात भिंत नसते. म्हणून आठवड्यातून एकदा भिंतीच्या दोन हात अलीकडेच वळायचं, पाय टेकवायचे नाहीत, कडेचा गज धरायचा नाही. तेच अंतर केवढं लांबतं ते बघाच. दुसरं, दर सहा-आठ हातांनी डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून समोर बघायचं, मगरीसारखं. टाकीत तळाला काळी रेघ असते. शर्यतीत लांब तरंगणारा बोया शोधायचा असतो, आणि न बघता पोहणारा माणूस शंभर मीटरांत कुठल्या कुठे जातो. तिसरं, एकाच लेनमध्ये तिघी-चौघी मिळून मुद्दाम चिकटून पोहा. पायाला कोणाचा हात लागला, चष्म्यावर कोपर बसलं, की श्वास कसा उडतो ते इथे कळलेलं बरं.

तलावात पोहायचं तर एकट्याने अजिबात नाही. अंबाझरीत काय, खिंडसीत काय, जिथे परवानगी आहे तिथे, ती जागा ओळखणाऱ्या जुन्या पोहणाऱ्यांबरोबर, कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधून, आणि काठावर दोरी घेऊन एक माणूस उभा ठेवून. मोठा पाऊस झाल्यावर नाही, विसर्जनानंतरचे काही आठवडे तर नाहीच. वेटसूटवर (पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखावर) पैसे घालवू नका. आयर्नमॅनच्या नियमात पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असलं तर हौशी स्पर्धकांनाही तो घालून क्रमवारीत येता येत नाही, आणि गोव्याचं पाणी त्याहून कोमट असतं. खारं पाणी शरीर वर उचलतं, ही आपल्यासारख्यांना मिळणारी एकुलती एक सवलत.

आता हवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत राहणारे आपण, गोव्याच्या तिशीची काय मातब्बरी, असं इथल्या प्रत्येकाला वाटतं. पण आपल्याकडचा घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो आणि वाळताना शरीर थंड करतो. किनाऱ्यावर तो टपटप गळतो, वाळत नाही, त्यामुळे थंडावा मिळत नाही आणि नाडी मात्र चढत राहते. त्यासाठी नवतपात (मेअखेरीच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) मरमर करण्यापेक्षा पावसाच्या उघडिपीतल्या चिकट दुपारी जास्त कामाच्या: ऑगस्ट, सप्टेंबर, मग ऑक्टोबर हीट. शरीराला उष्णतेची सवय लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, तेव्हा शर्यतीच्या आधीच्या महिन्यात सलग दोन आठवडे असा सराव ठेवा, घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) पंखा बंद करूनही चालेल. पण कोणीतरी घरात असताना, आणि चक्कर आली की थांबायचं.

घामाचा हिशोबही याच दिवसांत काढा. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा. जेवढं कमी झालं त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे ढोबळ एक लिटर. हा आकडा माणसागणिक बदलतो, त्यामुळे मैत्रिणीची बाटली बघून आपली भरू नका. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं आहे. ओआरएस चांगलं, पण त्यावर भूक भागत नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरमागे जेमतेम १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि शर्यतीत तासाला ६० ग्रॅम तरी कर्बोदकं लागतात. म्हणजे एनर्जी जेल, केळी, साखरेचं पेय हे वेगळं मोजायचं. पोटालाही हे खायचा सराव द्यावा लागतो, पायांसारखाच. शेवटच्या आठवड्यात तर्री पोहे आणि सावजी बंद. (रविवारच्या राईडनंतरची तर्री मी सोडलेली नाही, सोडणारही नाही, फक्त त्या आठवड्यात नाही.)

सायकलबद्दल थोडक्यात. समृद्धी महामार्गावर सायकलला मनाई आहे, तिकडे फिरकू नका. सपाटीला वर्धा रोड, चढउतारासाठी काटोल रोड, आणि वेळ कमी असेल तर सेमिनरी हिल्सला गोल गोल. बायकांनी अंधारात एकटीने निघू नये, हे मला लिहायला आवडत नाही, तरी लिहिते. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असतात, म्हणून दोन ट्यूब, टायर काढायचा लिव्हर, पंप. आणि पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे, नवऱ्याला फोन करून नव्हे. आयर्नमॅनच्या शर्यतीत पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर सोडायचं असतं, त्या आत शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघायचं, नाहीतर दंड. ग्रुप राईडमध्ये चाकाला चाक लावून चालवायची सवय असलेल्यांनी ती आधीपासून मोडावी. सर्व्हिसिंग दहा दिवस आधी, आदल्या दिवशी नाही.

धावण्याचं सामान सगळ्यांना माहीत असतं: मळलेले बूट, टोपी, व्हॅसलिन. सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं धावायचा सराव मात्र दर आठवड्याला हवा.

दोन टप्प्यांच्या मधे कपडे बदलायची तालीम पार्किंगमध्ये करा. टॉवेल पसरा, त्यावर हेल्मेट उलटं, त्यात गॉगल, शेजारी बूट, नंबरचा पट्टा. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला पाहिजे, हा नियम अंगात भिनेपर्यंत पुन्हापुन्हा. आमचा वॉचमन दोन रविवार बघत होता, तिसऱ्या रविवारी म्हणाला, “ताई, काहून घालून-काढून राहिल्या? बसत नाही का?” आयर्नमॅनच्या शर्यतीत हे सामान निळ्या आणि लाल पिशवीत जातं, निळी सायकलची, लाल धावण्याची, पांढऱ्या पिशवीत नंतरचे कोरडे कपडे. बाकी शर्यतींत सगळं सायकलपाशीच. पाळीची तारीख कॅलेंडरवर आधीच बघा आणि ती पुढे ढकलायची गोळी आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीच्या आठवड्यात घेऊ नका. नवा ट्रायसूट, नवी ब्रा यांनाही तोच न्याय. मीठ आणि घाम मिळून शिवणीशिवणीला सोलतात.

प्रवासात सायकल खोक्यात घालताना डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर पाना आणि डोकं दोन्ही फिरतं. विमानाने जाणार असाल तर टायरमध्ये हवा भरायची गॅसची नळकांडी नेऊ नका, हातपंप घ्या. ओळखपत्र, नोंदणीचा कागद आणि गॉगलची दुसरी जोडी हातातल्या पिशवीत. दोन दिवस आधी पोहोचा, म्हणजे एक सकाळ समुद्रात घालवता येते: फुटणाऱ्या लाटेखालून जायचं, तोंडात खारं पाणी गेलं तरी हात थांबवायचा नाही. आदल्या दिवशी सायकल जमा केल्यावर ती उन्हात उभी राहते, हवा फुगते. टायरमधली थोडी सोडून द्या आणि सकाळी पुन्हा भरा. निघताना गिअर हलका असू द्या.

७०.३ च्या वेळमर्यादेची चिठ्ठी सायकलच्या दांड्याला चिकटवा: पोहण्याला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत साडेपाच तास, एकूण साडेआठ. सकाळचं खाणं तीन तास आधी, घरी खाऊन बघितलेलं.

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. आणि ऑफिसात दुसऱ्या दिवसाचीही रजा आजच टाकून ठेवा. समुद्राचं मीठ साखळीला एका रात्रीत गंज चढवतं, त्यामुळे पदक गळ्यात असलं तरी हॉटेलच्या नळावर आधी सायकल धुवायची, पुसायची, तेल द्यायचं, मग आंघोळ.