धर्मप्रचारक दारात आले तर: ज्यू पद्धतीचं हसरं उत्तर कसं द्यावं

अमेरिकेतल्या ज्यू घराची बेल वाजते आणि दारात मॉर्मन तरुणांची जोडी किंवा यहोवाचे साक्षीदार (दोन्ही घरोघरी प्रचार करणारे ख्रिस्ती पंथ) उभे असतात, हे नवीन नाही. अशा वेळी भांडायचंही नाही आणि ‘विचार करून सांगतो’ असं खोटंही बोलायचं नाही. त्यासाठी विनोद हाच उत्तम मार्ग आहे.

आधी दार नीट उघडा. आत येताना उजव्या हाताला चौकटीवर बोटभर लांबीची, जराशी तिरकी डबी असते, ती मेझुझा. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोरा या ज्यू धर्मग्रंथातली वचनं असतात. सुरुवातच ‘देव एकच’ या घोषणेने होते. तिच्याकडे बोट दाखवून म्हणा, “आमच्या दारावरची पाटी वाचली नाहीत वाटतं!” जाणकार प्रचारक इथेच हसून निरोप घेतात.

थांबले तर नाव विचारा, पाणी द्या. मॉर्मन मुलगे विशीच्या आसपास दोन वर्षं घर सोडून हे काम करतात. यहोवाच्या साक्षीदारांनी हिटलरला सलाम ठोकायला आणि सैन्यात जायला नकार दिला, म्हणून त्यांना जांभळा त्रिकोण लावून छळछावण्यांत डांबलं गेलं. अशा माणसांची टिंगल करायची नाही. विनोद मतभेदावर करायचा, माणसावर नाही; माझ्या लेखी हा सगळ्यात महत्त्वाचा नियम.

आता उत्तर. मला सर्वांत आवडतं ते ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्या नावाने सांगितलं जाणारं, मसीहा म्हणजे देवाने पाठवायच्या उद्धारकर्त्याबद्दलचं: “आपण दोघंही मसीहाची वाट बघतोय. तुम्ही म्हणता तो एकदा येऊन गेला, आम्ही म्हणतो अजून यायचाय. आला की त्यालाच विचारू, ‘याआधी कधी आला होतात का?’ मी मात्र जवळच उभा राहीन आणि हळूच कानात सांगेन, ‘कृपा करा, उत्तर देऊ नका!’” यात कुणीच हरत नाही, आणि दोघंही हसतात.

‘मसीहा आलाच आहे’ असा आग्रह झाला तर अठराव्या शतकातले वितेब्स्क गावचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेनाखेम मेंडेल आठवा. मसीहा आल्याची हूल उठली तेव्हा त्यांनी खिडकी उघडून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, काही बदललेलं दिसत नाही. तुम्हीही रस्त्याकडे नजर टाका. लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील असं मसीहाच्या काळाबद्दल यशया संदेष्टा सांगतो. समोर पार्किंगवरून दोघं हमरीतुमरीवर आलेले असतील, तर वेगळं बोलायची गरजच नाही.

वेळ कमी असेल तर प्राचीन रब्बी हिल्लेलच्या गोष्टीतली अट घाला: “एका पायावर उभं राहून सांगता येईल तेवढंच सांगा.” तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात ज्यू व्हायला आलेल्या एकाने नेमकी अशीच अट घातली: एका पायावर उभं असताना सगळी तोरा शिकवा. शम्माय या दुसऱ्या रब्बीने त्याला गजाने हाकललं. हिल्लेल म्हणाला, “तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी करू नकोस, बाकी सगळं भाष्य, जा आणि शीक.”

वचनांच्या खंडनमंडनात मात्र शिरू नका. 1263 साली बार्सिलोनात राजासमोर रब्बी मोशे बेन नाहमान यांनी ख्रिस्ती पक्षाशी उत्तम वाद केला, राजाने बक्षीसही दिलं, तरी पुढे त्यांना देश सोडावा लागला.

उपयोगाचं काही मिळत असेल तर खुशाल घ्या. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी ज्यूंनी हेच केलं. 1829 मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. बेने इस्राएल मिशनच्या शाळांत हिब्रू शिकले आणि त्या हिब्रूतून आपल्याच धर्माच्या अधिक जवळ गेले. धर्मांतर केलं ते अगदी मोजक्यांनी.

शेवटी नकार स्पष्ट द्या. पत्रक नको असेल तर हातात घेऊ नका. पुन्हा यायला नको असेल तर तसं सांगा. यहोवाचे साक्षीदार ती नोंद ठेवतात.

आणि कुणी उलट विचारलंच, “मग आम्हालाच ज्यू करून घ्या,” तर खरं तेच सांगा: “आमच्यात येणाऱ्याला रब्बीने तीनदा परत पाठवायची रीत आहे. आज पहिली खेप समजा.”