परदेश ट्रिप आणि घरचं हॉटेलिंग, दोघांनी दोन्ही कसं जमवायचं

नवीन जोडप्याच्या घरात दोन विषयांवर हमखास वाजतं, एक म्हणजे फिरायला कुठे जायचं आणि दुसरं म्हणजे आज जेवायला कुठे जायचं. बरेच जण हे दोन वेगळे प्रश्न धरतात, ट्रिप म्हणजे वर्षातून एकदाचं मोठं काम आणि हॉटेलिंग म्हणजे सुट्टीच्या दिवसाचा टाइमपास. मला विचाराल तर हे एकच प्रकरण आहे. एक तर दोन्हीचे पैसे एकाच खिशातून जातात, आणि दुसरं म्हणजे आपल्याच शहरातल्या हॉटेलात समोरासमोर दोन तास बसून जोडीदाराबद्दल जे कळतं ना, तेच परदेशात आठ दिवस रोज तीन वेळा समोर येणार असतं. म्हणून घरचं हॉटेलिंग ही ट्रिपची रंगीत तालीम समजायची, आणि तयारी तिथूनच सुरू करायची.

पायरी १: पैसे आधी वेगळे काढा

ट्रिपचं एक वेगळं खातं उघडा. खर्चाचा अंदाज काढताना विमान, व्हिसा, इन्शुरन्स, राहणं, तिथला लोकल प्रवास, एन्ट्री तिकिटं हे सगळे लिहितात, पण जेवणाचा आकडा मात्र हवेत सोडतात. साधं गणित करा, आठ दिवस गुणिले तीन वेळा गुणिले दोघं, म्हणजे ४८ वेळचं खाणं आणि ते सगळं बाहेर! हा आकडा एकदा कागदावर आला की नाश्ता रूमवर करता येईल अशी छोटं किचन असलेली जागा शोधावीशी वाटते. सगळ्याची बेरीज करा, वर दहा टक्के अडीअडचणीला ठेवा, उरलेल्या महिन्यांनी भागा आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच त्या खात्यात टाका. त्यानंतर जे उरेल त्यातून हॉटेलिंग.

आणि एक युक्ती, जी लहान वाटते पण जबरदस्त चालते. बाहेर जेवायला जायचं ठरलं आणि कंटाळा आला म्हणून घरीच थांबलात, तर तेवढे पैसे त्याच रात्री ट्रिपच्या खात्यात ट्रान्सफर करायचे, उद्यावर ढकललं की ते दुसरीकडे गेलेच म्हणून समजा.

पायरी २: हॉटेलिंगला नियम लावा (थोडेसेच)

"तू सांग", "नाही, तू सांग" हे अर्धा तास चालतं आणि मग दोघंही उपाशीपोटी चिडतात. यावर उपाय म्हणजे पाळी लावणं. या वेळी एकाने ठरवायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने, आणि ज्याची पाळी त्यानेच टेबल बुक करायचं, रस्ता शोधायचा, बिल बघायचं. दुसऱ्याला नाही म्हणायचा हक्क आहे पण एकदाच, आणि तोही घरातून निघायच्या आधी, टेबलावर बसल्यावर तोंड पाडून बसणं चालणार नाही. हीच पद्धत पुढे परदेशात दिवस वाटून घ्यायला कामाला येते, आज तुझा दिवस, उद्या माझा.

जागा निवडताना नुसते स्टार बघू नका. अलीकडचे रिव्ह्यू लावा आणि त्यातले तीन स्टारवाले वाचा, कारण पाच स्टारवाला नुसतं कौतुक करतो, एक स्टारवाला भांडून आलेला असतो, आणि मधला माणूस मात्र सांगतो की चव चांगली होती पण आवाज फार होता किंवा ऑर्डर यायला वेळ लागला. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, किंवा उघडल्या उघडल्या जा, किचनवर ताण नसतो आणि वेटरलाही दोन वाक्यं बोलायला वेळ असतो. ऑर्डर एकदम सगळी देऊ नका, दोन गोष्टी मागवा, बघा, मग पुढचं. आणि बुकिंग करून जाणार नसाल तर फोन करून कॅन्सल करा, तेवढी माणुसकी पाहिजे.

आता तालमीचा भाग. या बाहेरच्या जेवणांमधून चार गोष्टी गुपचूप टिपून ठेवा: जोडीदाराला भूक किती वाजता लागते आणि लागल्यावर किती मिनिटांत पारा चढतो, ताटातलं शेअर करायला आवडतं की नाही, अनोळखी मेनू बघून मजा येते की घाम फुटतो, आणि किती चालल्यावर कुरकुर सुरू होते. एकदा मुद्दाम अशा ठिकाणी जा जिथलं काहीच माहीत नाही, एकदा अर्धा तास चालत जा. ज्या माणसाला दुपारी एकच्या आत जेवण लागतं त्याच्याबरोबर तुम्ही स्पेनला जाणार असाल, जिथे दुपारचं जेवणच दोनच्या सुमारास सुरू होतं आणि रात्री नऊच्या आधी बरीच किचन तापलेली नसतात, तर बॅगेत खाऊ ठेवायचा हे घरूनच कळलेलं बरं.

पायरी ३: कागदपत्रं, आणि इथे घाई नको

तारखा ठरवायच्या आधी दोघांचे पासपोर्ट काढून बघा. बऱ्याच देशांना प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने व्हॅलिडिटी लागते. युरोपच्या शेंगेन देशांचा (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट) नियम असा की तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने पासपोर्ट चालू पाहिजे, आणि तो गेल्या दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे. दोन पानं कोरी असू द्या. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, लग्नानंतर नाव बदललं असेल किंवा बदलायचं असेल तर आधी काय ते ठरवा, मगच तिकीट.

व्हिसा लागतो की नाही हे तुमच्या पासपोर्टवर अवलंबून, आणि दोघांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर दोघांसाठी वेगवेगळं तपासा. शेंगेन व्हिसा लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकाल साधारण १५ दिवसांत येतो पण ४५ पर्यंतही लांबू शकतो, म्हणून १५ दिवसांवर विसंबून राहणं म्हणजे हाताने बीपी वाढवून घेणं. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. त्याला किमान ३० हजार युरो कव्हरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. कुठे इन्शुरन्स सक्तीचा नसला तरी घ्याच, यावर माझ्याशी वाद घालू नका.

व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालं बुक करा. वाटेत विमान बदलावं लागणार असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंगवर असू द्या, वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसरी कंपनी हात वर करते.

पायरी ४: दिवस मोकळे ठेवा

रोज एकच गोष्ट पक्की, बाकी जमेल तसं. पक्कं करताना बंद असायचा वार बघा, पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, आणि युरोपात बाकी कितीतरी म्युझियम्स सोमवारी. पहिला दिवस तर रिकामाच सोडा. पूर्वेकडे जाताना जेट लॅग (वेळ बदलल्याने झोपेचा होणारा गोंधळ) जास्त जाणवतो, कारण शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा जरा मोठं असतं, त्याला उशिरा झोपणं सोपं जातं पण लवकर झोपणं जड जातं. उतरल्यावर बाहेर उजेडात हिंडा, आणि दुपारी डोळा लागलाच तर अर्ध्या तासात उठा.

मधल्या एखाद्या दिवशी दोन-तीन तास वेगवेगळे फिरा, एकाने म्युझियम बघावं, दुसऱ्याने बाजार किंवा नुसतं बाकावर बसावं. हनिमून असला तरी. रात्री जेवताना सांगायला काहीतरी पाहिजे की नाही!

पायरी ५: बॅगा

"ही तुझी, ही माझी" असं भरू नका. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे अर्धे टाका, एक बॅग मागे राहिली तरी दोघांकडे घालायला काहीतरी असतं. औषधं, चार्जर आणि एकेक जोड कपडे केबिन बॅगेत. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, ती हातातच, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंतची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) विचारल्याशिवाय चालते (२०,००० एमएएचची साधारण ७४ भरते), तरी आपल्या एअरलाइनचे नियम बघून घ्या, विमानात ती वापरू देत नाहीत असंही असतं. लिक्विडला बऱ्याच एअरपोर्टवर अजून १०० मिलीचीच मर्यादा आहे.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर एअरपोर्टमधून बाहेर पडायच्या आधीच एअरलाइनच्या काउंटरवर लेखी तक्रार करा आणि नंबर घ्या. विमानप्रवासाच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सामान खराब झालं तर लेखी दाव्याला ते मिळाल्यापासून ७ दिवस असतात, उशिरा मिळालं तर २१.

पायरी ६: तिथे पैसे देणं आणि जेवणं

दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं असू द्या, आणि सगळी एकाच पाकिटात ठेवू नका. मशीन विचारतं की बिल तुमच्या घरच्या चलनात घ्यायचं की इथल्या, तेव्हा नेहमी इथल्या, घरच्या चलनाचा दर ते लावतात आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. एटीएमवरही हेच. राहायच्या हॉटेलात डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या, डेबिट दिलं तर खात्यातले खरे पैसे अडकून बसतात.

जेवायला बसल्यावरचे रिवाज देशागणिक बदलतात आणि यावरूनच बिल आल्यावर जोडप्यांची तोंडं वाकडी होतात. इटलीत बिलात कोपेर्तो नावाची माणशी आकारणी दिसली तर ती फसवणूक नाही, टेबलाचे पैसे आहेत. पोर्तुगालमध्ये न मागता ब्रेड, ऑलिव्ह, चीज समोर येतं, खाल्लं तर पैसे लागतात, नको असेल तर हात न लावता परत पाठवा. जपानच्या इझाकायामध्ये (तिथले पबसारखे खाण्यापिण्याचे अड्डे) पण सुरुवातीला एक छोटी डिश येते आणि ती बिलात धरतात, मात्र जपानमध्ये टिप द्यायची नसते. अमेरिकेत उलट, बसून जेवलात तर १५ ते २० टक्के टिप धरूनच चालायचं, म्हणजे मेनूवरची किंमत ही खरी किंमत नाहीच. फ्रान्समध्ये दुपारी अडीच ते संध्याकाळी सातच्या मध्ये बरीच किचन बंद असतात. आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय बिल येत नाही, वेटर विसरलेला नसतो, तो तुम्हाला उठवू इच्छित नाही.

कुणाला ॲलर्जी असेल किंवा काही खात नसाल तर ते तिथल्या भाषेत लिहून फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा, नेट नसलं तरी दाखवता येतं. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, मासे, चिकनचा स्टॉक, अंडं चालतं की नाही हे एकेक करून लिहा. मॅप आणि ट्रान्सलेटची भाषा घरूनच ऑफलाइन डाउनलोड करून न्या.

पायरी ७: आल्यावर

बोर्डिंग पास आणि मोठी बिलं कार्डाचं स्टेटमेंट येईपर्यंत आणि इन्शुरन्सचा क्लेम असेल तर तो मिळेपर्यंत फेकू नका. स्टेटमेंट एकत्र बसून बघा, दोनदा कापलेले पैसे आणि न सुटलेलं डिपॉझिट इथेच सापडतं. त्या ४८ वेळच्या खाण्याचा अंदाज आणि खरा खर्च शेजारी शेजारी लिहा, पुढच्या ट्रिपला हाच आकडा धरायचा. मग खात्यात जे उरलं असेल ते तिथेच राहू द्या आणि हॉटेलिंगची पाळी जिथे थांबली होती तिथून पुढे, म्हणजे कुणाची होती हे आठवत असेल तर.