उन्हाळ्यातली ब्रॉयलर बॅच: मरतूक दुपारची, काम पहाटेचं

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं पारा ४४-४५ अंशांवर गेला की ब्रॉयलरना, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांना, मरतूक लागते ती बहुधा दुपारी ३ ते ६ च्या दरम्यान. तीही बारक्या पिल्लांत नाही, तर चांगल्या दोन किलोला आलेल्या, दोन दिवसांत विक्रीला उचलायच्या पक्ष्यांत. त्या वेळी बादल्या घेऊन धावल्यानं फारसं हाती लागत नाही. जे काय करायचं ते सकाळी ९-१० च्या आत.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम, त्यामुळे धापा टाकत श्वासावाटे ओलावा बाहेर सोडणं हाच तिचा मोठा आधार. त्यात खाद्य पचताना पोटात वेगळीच भट्टी पेटते. ती खाल्ल्यानंतर चार ते सहा तास चालते. म्हणजे ११ वाजता पोटभर खाल्लेला पक्षी ऐन ४ वाजता आतूनही तापलेला असतो. म्हणून सकाळी ९ च्या सुमारास फीडर वर उचला आणि संध्याकाळी ५-५:३० ला ऊन उतरल्यावर खाली सोडा. सोडण्याआधी सगळे फीडर भरून ठेवा. चारच भरलेले असले तर उपाशी पक्षी त्यांवर तुटून पडतात आणि चेंगरून मरतात. पहाटे ३:३०-४ ला दिवे लावून खाऊ घातलं की वजनाची तूट बरीच भरून निघते. कंपनीचा सुपरवायझर कुरकुरेल, पण दोन किलोचा मेलेला पक्षी त्याच्याही एफसीआरला (किलोभर वजनामागे किती खाद्य लागलं त्या हिशोबाला) परवडत नाही.

दुसरी गफलत पाण्याची. एरवी पक्षी खाद्याच्या दुप्पट पाणी पितो, कडक उन्हात चौपटीपर्यंत. पाणी भरपूर असतं, पण काळी टाकी पत्र्यावर आणि पाइप उघड्यावर! दुपारी निपलखाली (पक्षी चोच लावून पाणी पितो त्या तोटीखाली) हात धरून बघा. तुम्हाला चटका बसला तर पक्षी चोच लावणार नाही. टाकीवर छप्पर करा, ओलं गोणपाट गुंडाळा, पाइप गाडा किंवा झाका. १२ नंतर दर तासाला लाइनचं टोक उघडून तापलेलं पाणी सोडून द्या. इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी सकाळच्या पाण्यातून, रात्री साधं पाणी. खाण्याचा सोडा डॉक्टरांना विचारूनच.

पत्र्याला चुना मारा. वर तुराट्या किंवा धानाचं तणस अंथरलं तर उत्तम, पण वायरिंग आधी तपासा, ठिणगी पडायला वेळ लागत नाही. स्प्रिंकलर ११ ला सुरू करा, पत्रा लाल झाल्यावर नाही. जाळीवरची धूळ-जळमटं झाडा. वारा तिथंच अडतो. ओले पडदे पश्चिमेच्या अंगाला, तेही हवा खेळेल एवढी फट ठेवून.

फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) विदर्भ-खानदेशच्या कोरड्या हवेत कामाचे: मिनिट-दोन मिनिटं चालवा, बंद करा, पंखे चालू ठेवा. कोकणात आधीच दमट हवा; तिथं फॉगरनं पक्षी जास्तच गुदमरतो, पंख्यांवर भर द्या. खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की अमोनिया वेगळा छळतो. दुपारी तूस हलवू नका.

उन्हाळ्याची बॅच टाकतानाच पक्षी कमी घ्या: एरवी एका पक्ष्याला एक चौरस फूट, आता सव्वा. दुपारी शेडमधून एकदा हळूच फेरी मारा, बसलेला पक्षी उठला की अंगाखालची कोंडलेली ऊब निघते. पळवायचं मात्र नाही. लस पहाटे, लिफ्टिंग (विक्रीसाठी पक्षी उचलणं) रात्री, क्रेटमध्ये दोन पक्षी कमी, आणि भरलेली गाडी चहासाठी उभी नको.

खाद्यात कॉक्सीसाठी (कॉक्सीडिओसिस या आतड्याच्या रोगासाठी) कोणतं औषध आहे तेही विचारा. निकार्बाझिन असेल तर उन्हात मरतूक वाढते. उन्हाळ्यापुरतं बदलून मागा.

पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांचं गणित उलटं. त्यांना ३२-३३ अंश लागतात, त्यामुळे दुपारी ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं साधन) बंद चालेल, पहाटे लावावाच लागतो.

मेलेला पक्षी लगेच बाहेर काढून खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि वहीत वेळ लिहा. सकाळी ७ लाच पक्षी मेलेले सापडत असतील, नाकातून पाणी किंवा हिरवी विष्ठा दिसत असेल, तर ते उन्हावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या.