यिडिश शब्द देवनागरीत लिहिताना

यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. त्यांच्या सणांवर किंवा खाण्यावर लिहायला बसलात की पहिली अडचण शब्दांच्या लेखनाची येते. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहू नका, उच्चार ऐकून लिहा.

‘त्स’ आपल्याकडे आहेच: ‘चमचा’तला च. पण इ-एच्या आधी मराठी वाचक तो चिंचेतला च वाचतो. म्हणून गाजराच्या गोड पदार्थाला ‘चिमेस’ नको, ‘त्सिमेस’ लिहा. घशातून घासत येणाऱ्या आवाजाला नुक्ता द्या: ख़ाले (सणाचा पाव), ख़ानिके (दिव्यांचा सण). साधा ‘ख’ लिहिलात की वाचक हवा सोडून थांबतो आणि ‘ख़ाले’चं ‘खाले’ होतं.

लिपी हिब्रू, पण यिडिशमध्ये आयिन हे अक्षर सरळ ‘ए’ असतं. गोची होते ती हिब्रूतून आलेल्या शब्दांत. त्यांचं जुनं, स्वर न दाखवणारं लेखन तसंच ठेवतात. उच्चार पाठच करावा लागतो. शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा तीन अक्षरांचा एकच शब्द यिडिशमध्ये ‘शाबेस’, आजच्या हिब्रूत ‘शबात’. एका लेखात दोन्ही मिसळू नका.

बोलीही ठरवा. लिथुआनियाकडचा ‘कुगल’ (शेवया किंवा बटाट्याचा भाजलेला पदार्थ) पोलंडकडे ‘किगल’ होतो. वर्गात शिकवताना यिवोचं प्रमाण रूप घ्या (यिवो ही यिडिशच्या अभ्यासाची संस्था, 1925 साली विल्नात, म्हणजे आजच्या विल्निअसमध्ये, स्थापन झालेली) आणि बोलीरूप फळ्यावर शेजारी लिहा.

आणखी एक. कोकणातल्या बेने इस्रायलींची, म्हणजे तिथल्या ज्यूंची, भाषा मराठी. यिडिश त्यांची नव्हे. ‘ज्यूंची भाषा यिडिश’ असं वाक्य आलं, तर तिथे ‘अश्केनाझी’ (मध्य आणि पूर्व युरोपातले) घाला.